शांत नाडीचा माणूस

भगवंतरावांना श्वास घ्यायला आकांक्षानंच शिकवलं होतं. आता माणूस जन्मल्यापासून श्वास घेतच असतो, त्यात शिकवायचं काय, असं कोणी म्हणेल. पण अमरावतीत राजापेठेजवळ तिचं जे छोटंसं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं, तिथं अर्धी गर्दी याच कामाची. बँकेतले बाबू, स्पर्धा परीक्षा देऊन देऊन पिचलेली पोरं, छातीत धडधड होते म्हणून झोप उडालेल्या बाया. आकांक्षा त्यांना पोटावर हात ठेवायला लावायची आणि सांगायची, "घेताना कसाही घ्या, पण सोडताना घाई नको. सोडणं लांबवा." भगवंतराव तिचे सख्खे काका, आणि तिच्याकडे आलेल्या सगळ्यांत तरबेज. बाकीचे दोन दिवस करायचे आणि सोडून द्यायचे. काकांनी ते अंगात मुरवलं.

त्यांना पाठवलं होतं कौशल्याबाईनं, म्हणजे आकांक्षाच्या आईनं. दिराच्या छातीत धडधडायला लागलं, डॉक्टरनं सगळं तपासून 'हृदय ठणठणीत आहे, टेन्शन कमी करा' म्हणून घरी धाडलं, तेव्हा हिनंच लेकीला फोन केला, "तुह्या काकाले शिकव ना वो जरा, लय घाबरून राहिला थो." आता घ्या! भलेपणा करायला गेली आणि तोच भलेपणा तिच्या उरावर येऊन बसला.

गाव भातकुलीच्या पुढं, खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळी, कसदार, पण खाली पाणी खारं. बोअर मारा नाही तर हापसा मारा, वर येतं ते मिठवणी. पिकाला दिलं की पीक करपतं, चहाला घेतलं की दूध फाटतं. त्या अख्ख्या शिवारात एकच विहीर गोडी, आणि ती आकांक्षाच्या घरची. दोन भावांची वाटणी तोंडी झालेली, रस्त्यावरचं वावर भगवंतरावांना आणि विहीर थोरल्याला. सातबाऱ्यावर मात्र दोघांची नावं तशीच राहिली, कारण तेव्हा भाऊ भाऊ होते आणि तहसीलला चकरा मारायला कोणाला वेळ नव्हता. पुढं थोरला आजारी पडला, अकोल्याच्या दवाखान्यात गेला आणि तिथंच संपला. तो गेला त्या दुपारी कौशल्याबाई धुतलेले कपडे आणायला गावी आली होती. दवाखान्यात मागं भगवंतराव एकटे होते.

वर्षश्राद्धाचं जेवण पोटात जिरलंही नसेल, भगवंतराव विहिरीवर मोटार बसवायला माणूस घेऊन आले. म्हणाले, "दादानं जाता जाता मले विहीर देली."

झालं, पेटलं!

आता या गावाची एक रीत आहे. तिला नाडी देणं म्हणतात. भांडण हातघाईवर आलं की मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर बसायचं, म्हाताऱ्या देवमनजीच्या हातात मनगट द्यायचं आणि आपलं म्हणणं बोलायचं. देवमनजीचे आजे वैद्य होते, त्यांच्यापासून हे चालत आलेलं. खोट्याची नाडी धावते आणि खऱ्याची चालते, एवढाच कायदा. बकरीच्या चोरीपासून मोडलेल्या सोयरिकीपर्यंत सगळं त्याच्यावर निकालात निघालेलं, आणि कोणी कधी हूं का चूं केलं नाही. कपाळाला हात लावावा अशी गोष्ट म्हणजे ही नाडी भगवंतरावांनी मागितली नव्हती. ती मागितली कौशल्याबाईनं, भर चौकात ओरडून. "नाडी दे म्हना त्याले! देवमनजीच्या हातात हात दे म्हना, मंग पाहू विहीर कोनाची हाय थे!"

आकांक्षाला हे फोनवर कळलं. सकाळच्या पहिल्या एसटीनं ती गावी आली. आई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"आई, काहून मागतली तू नाडी? मले विचारलं काहून नाई? कोर्टात गेलो असतो आपन."

"कोर्टात खोटा मानूस जाते. मी खरी हाय, मले नाडीचं भेव कायचं?"

"अवो, नाडीले खरं-खोटं समजतच नाई!" आकांक्षा तिच्यापुढं बसली. "ऐक. आपन श्वास घेतो तवा हृदय जरासं पयते. सोडतो तवा जरासं थंड होते. मेंदूपासून एक नस निघते, गयातून खाली हृदयापर्यंत जाते. थे ब्रेक हाय हृदयाचा. श्वास सोडनं लांबवलं का थो ब्रेक लागते. थोड्या वेळात नाडी उतरते. मंग तू खरं बोल का खोटं बोल, तिले काय? तिले एवढंच समजते का जीव धोक्यात हाय का नाई. आन् काका रोज हेच करते. म्याच शिकवलं त्याले, तूच पाठवलं होतं."

कौशल्याबाईनं भाकरी तव्यावर आपटली.

"मंग मी काय करू?"

"तू बी कर. पारावर जायच्या आधी करू आपन दोघी. पोटानं श्वास घ्याचा, आन् हयू हयू सोडाचा."

"म्हंजे खरी असून मी नाटक करू?"

"नाटक नाई, आई. तुले राग येईन, आन् राग आला का नाडी पयतेच. राग असो का भेव असो, हृदयाले दोन्ही सारखंच."

"राग येनारच!" कौशल्याबाईचा आवाज शेजारच्या शकुनच्या अंगणापर्यंत गेला असेल. "माहा नवरा मेला, आन् त्याच्या तोंडात हा खोटं घालून राहिला, आन् मी पोट फुगवत बसू? तुह्या शास्त्राले सांग, चुलीत जा म्हना!"

आकांक्षाही तिचीच लेक. तीही भडकली. अडाणीपणाला काही सुमार असतो का, असं काहीबाही बोलली. मायलेकी एकमेकींकडे पाठ करून बसल्या आणि बोलावणं आलं तेव्हा तशाच पारावर गेल्या.

ऊन चढलं होतं. अर्धं गाव जमलं होतं. भगवंतराव धुतलेला पांढरा सदरा घालून आधीच येऊन बसले होते, कोणाशी न बोलता, हात मांडीवर ठेवून. लोकांना वाटलं देवाचं नाव घेतायत. आकांक्षाची नजर मात्र सदऱ्यावर गेली. पोट वर आलं, जरासं थांबलं, आणि मग मिटल्या ओठांच्या फटीतून इतक्या हळू रिकामं झालं की बघणाऱ्याचा जीव गुदमरावा. तिनं दाखवलं होतं अगदी तसंच, कणभर चूक नाही.

देवमनजीनं डोळे मिटले आणि त्यांच्या मनगटावर तीन बोटं ठेवली.

"बोल, भगवंता."

"दादानं अकोल्याच्या दवाखान्यात, शेवटच्या वख्ती, मले विहीर देली. मारुतीपुढं सांगतो."

गाव कान देऊन बसलं. देवमनजीचं तोंड हलत होतं, मनातल्या मनात ठोके मोजत. मग तो म्हणाला, "चालून राहिली. वखराच्या बैलासारखी चालून राहिली."

कौशल्याबाई पुढं आली, बसली आणि हात असा पुढं केला की देवमनजीच दचकला.

"माह्या नवऱ्यानं विहीर कोनाले देली नाई. देनार बी नव्हता. हा खोटं बोलून राहिला!"

म्हाताऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यानं बोटं सरकवली, परत ठेवली. आकांक्षाला दुरूनही आईच्या मानेची शीर उडताना दिसत होती.

"धावून राहिली, कौशल्या," देवमनजी म्हणाला. त्याला वाईट वाटलं असावं, कारण तो तिच्याकडे न बघता बोलला. "लय धावून राहिली."

"धावनार नाई त काय नाचनार?" ती ओरडली. गर्दीतून कोणीतरी हसलं. कोणी म्हणालं, "पाहा, चोराच्या उलट्या बोंबा." आणि त्या एका वाक्यानं आकांक्षाचा तोल सुटला.

ती सरळ पारावर चढली. "देवमनजी, माही नाडी धरा."

"तुही कायले, पोरी? तू काय भांडनात नाई."

"धरा म्हन्लं ना!"

म्हाताऱ्यानं बिचकतच मनगट घेतलं. आकांक्षानं डोळे मिटले. पहिले काही श्वास नुसते अंगावर धावून आले, एवढी ती पेटली होती. पण हे तिचं रोजचं काम. पोट भरलं, हळूच सोडलं. भरलं, आणखी हळू सोडलं. लोक कुजबुजत होते, पोरं खिदळत होती. कानातली धडधड मागं गेली, हात गरम झाले, आणि मग तिनं डोळे उघडले.

"माहं नाव शकुन हाय," ती म्हणाली. "मी धामनगावची हाय. आन् माहा बाप जिता हाय. घरी बसून चहा पेऊन राहिला."

खालच्या बायांनी तोंडाला पदर लावले. कौशल्याबाईनं मान खाली घातली, जशी कोणी थप्पड मारल्यावर घालावी. ते बघून आकांक्षाच्या काळजात कळ गेली. पण तिला वाटलं आता कामच झालं.

"सांगा देवमनजी. नाडी धावली का?"

देवमनजी मनगट सोडेना. ऐंशीच्या पुढचा माणूस, उभ्या आयुष्यात किती मनगटं धरली असतील.

"सांगा ना! चालली का धावली?"

"चालली," तो म्हणाला.

"मंग? मी तीन वेळा खोटं बोलली, आन् तुमची नाडी काय म्हने? खरी हाय! ह्या नाडीत काही नाई. श्वास सोडनं लांबवलं का कोनाची बी नाडी थंड होते. काकाले म्याच शिकवलं हे, माह्या दवाखान्यात, अमरावतीले!"

आकांक्षाला क्षणभर वाटलं, जिंकलो. तिनं भगवंतरावांकडे पाहिलं. ते हलले नव्हते. त्यांनी आधी श्वास सोडला, सगळा सोडला, आणि मगच बोलले.

"मी पाठदुखीसाठी जात होतो तिच्याकडे," ते गावाला म्हणाले, तिला नाही. "पाठ शेकून देत होती पोरगी, तिचं भलं होवो. बाकी, खोटं बोलाची विद्या कोनाच्या घरात हाय, थे आत्ता तुमीच पाह्यलं. मेल्या बापाले जिता म्हन्ते, आन् अंगावर काटा येत नाई तिच्या."

आणि गाव त्यांच्या बाजूनं कललं. म्हणजे बघा, जिनं डोळ्यांदेखत दाखवून दिलं की ही रीत पोकळ आहे, तीच खोटारडी ठरली! रीत पोकळ म्हटली तर म्हाताऱ्याच्या अख्ख्या जन्माचं काय, आणि त्या रितीवर मोडलेल्या सोयरिकींचं काय? त्यापेक्षा पोरगी शिकून बिघडली हे कितीतरी सोपं. "पाठदुखी नाई, धडधड होती त्याले, म्याच फोन केला होता," असं कौशल्याबाई घसा फोडून सांगत होती. पण तिची नाडी धावलेली. तिचं कोण ऐकतं?

"झाला निकाल," कोणीतरी म्हणालं. देवमनजीनं मान हलवली.

मग कौशल्याबाई उठली. दिराच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, हातभर अंतरावर.

"भाऊजी, वर्षभर विचारून राहिली तुमाले मी, शेवटचं काय बोलला थो. पह्यले म्हन्ले काहीच नाई बोलला. आता म्हन्ता विहीर देली. कोनतं खरं?"

"वैनी, शांत व्हा. लंबा श्वास घ्या..."

"नाई घेत! कोनतं खरं थे सांगा! थो गेला तवा कुठी होते तुमी? खाटेजवय होते का? नर्स मले म्हने, जवय कोनीच नव्हतं. खाली चहाच्या टपरीवर होते तुमी! तुमच्या भावाचा जीव जाऊन राहिला, आन् तुमी चहा पेत होते! लहानपनी तुमाले विंचू चावला तवा भातकुलीपर्यंत खांद्यावर नेलं होतं त्यानं, गावाले माहीत हाय. आन् तुमच्यानं त्याच्या तोंडात घोटभर पानी टाकनं झालं नाई? बोला! एकटा मेला थो! तुमी असून एकटा मेला!"

भगवंतरावांनी पोट भरून घेतलं आणि सोडायला गेले, तर तिचं पुढचं वाक्य अंगावर. परत घेतलं, परत तेच. आकांक्षा बघत राहिली. श्वास लांबवायला माणसाला जरा जागा लागते, आणि तिच्या आईनं ती जागाच ठेवली नव्हती. त्यांचे खांदे वर चढले. श्वास पोटातून छातीत आला, छातीतून गळ्यात. कान लाल झाले.

"चहा पेत होते! चहा गोड होता का भाऊजी?"

"नाई देली!" भगवंतराव असे ओरडले की पारावरचे कावळे उडाले. "नाई देली त्यानं! ऐकाचं हाय का तुले? ऐक! हात जोडले म्या त्याच्यापुढं. म्हन्लं दादा, आयुष्यभर तुह्या मांगं मांगं चाललो, तू म्हनशीन थे ऐकलं, एक विहीर दे मले. त्याले धड बोलता येत नव्हतं, तरी बोलला. 'नाई' म्हने! मराले टेकला होता, आन् मले 'नाई' म्हने! म्हून गेलो मी चहा प्याले! काय चुकलं माहं?"

वहिनीला उभ्या जन्मात पहिल्यांदाच ते अरेतुरे बोलले होते. सगळ्या गावानं ऐकलं. लांब उभ्या असलेल्या शेजारच्या शकुननं ऐकलं, आणि भगवंतरावांच्याच बायकोनं, माणिकबाईनं ऐकलं. आकांक्षाला वाटलं, आता कोणीतरी बोलेल. एवढं कानानं ऐकल्यावर कोणीतरी बोलायलाच पाहिजे.

बोलले. एक पिकल्या मिशांचा माणूस म्हणाला, "रागात हाय थो. रागात मानूस काहीबी बोलते."

"हो ना. बाई मानसानं एवढं टोचल्यावर कोन शुद्धीवर राहीन?"

"रागातलं धराचं नसते."

आकांक्षानं देवमनजीकडे पाहिलं. "देवमनजी, तुमी ऐकलं ना?"

म्हाताऱ्यानं हात मांडीखाली घेतले. "माह्या हातात नाडी होती तवाचं मले माहीत, पोरी. नाडी हातात नव्हती तवा थो काय बोलला, त्याचं मी काय सांगू?"

थू तुमच्या जिनगानीवर, असं आकांक्षा म्हणाली की नुसतं तिच्या मनात आलं, कोण जाणे. भगवंतराव पाराच्या कट्ट्याला टेकले होते. पोट वर आलं, थांबलं, हळूहळू खाली गेलं. कानांवरची लाली उतरायला लागली. थोड्याच वेळात ते पुन्हा तेच होते, पांढऱ्या सदऱ्यातले, मांडीवर हात ठेवलेले. तिनं शिकवलेलं इतकं चोख काम करत होतं की तिला स्वतःच्या हातांची किळस आली.

नाडीचा निकाल लागला की हरलेल्यानं जिंकलेल्याच्या हातचं पाणी प्यायचं, म्हणजे निकाल पक्का. प्यायलं नाही तर निकाल लागला असं कोणी धरत नाही. मात्र त्या घराशी गावाचा संबंध संपला. माणिकबाईनं तांब्या आणला. नवऱ्याच्या हातात देताना तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. भगवंतराव उठले.

"घ्या, वैनी. झालं गेलं इसरून जा."

कौशल्याबाईनं तांब्या घेतला. आई थकली होती, एकटी होती, म्हातारपण या गावातच काढायचं होतं तिला. ती प्यायली असती तरी आकांक्षा तिला काय म्हणणार होती?

पण आई तिच्याकडे वळली तेव्हा तिचे डोळे वेगळेच दिसत होते. वर्षभरात आकांक्षानं तिला असं पाहिलं नव्हतं.

"ऐकलं का तू?" कौशल्याबाई हळू आवाजात म्हणाली, जणू पारावर दुसरं कोणी नव्हतंच. "शेवटी बोलला थो. मुक्या तोंडानं नाई गेला तुहा बाप. नाई म्हन्ला."

"हो, आई."

"बोलता येत नव्हतं, तरी नाई म्हन्ला."

तिनं तांब्या भगवंतरावांच्या पायांपुढं उपडा केला. गोडं पाणी पाराच्या फरशीवरून वाहत खाली मातीत गेलं. बाया मागं सरकल्या.

"मंग मी बी नाईच म्हन्ते," ती म्हणाली.

"कौशल्या, इचार कर," देवमनजी म्हणाला. "उद्यापासून कोनी तुह्या दारात उभं राहनार नाई."

"नका राहू." तिनं रिकामा तांब्या माणिकबाईच्या हातात दिला, पदर खोचला आणि पारावरून उतरली. घराकडे नाही, विहिरीच्या वाटेला लागली. ती इतक्या झपाट्यानं चालली की आकांक्षाला तिला गाठायला धावावं लागलं. आईचा श्वास वरवर चालला होता, छाती धाडधाड हलत होती. 'शांत हो' हे आकांक्षाच्या ओठांपर्यंत आलं. रोज तोंडात बसलेलं वाक्य ते. तिनं ते गिळून टाकलं.

"अमरावतीले वकील हाय का तुह्या वयखीचा?" आईनं मागं न बघता विचारलं.

"हाय."

"चांगला भांडते का?"

"भांडते."

"मंग लाव त्याले फोन," कौशल्याबाई म्हणाली आणि विहिरीच्या काठावर जाऊन बसली.